शिडीच्या पायाशी

बोईसर,
ता. १२ ऑक्टोबर १९६८

ती. दाजी यांस,

भगवंताचा नमस्कार. गणपतीला म्हणून गावी गेलात ते दसरा उलटला तरी तिकडेच. तुमचं कार्ड मिळालं. गुडघ्यांत पाणी झालंय, डॉक्टरांनी फार वेळ उभं राहायला मनाई केलीय, हे वाचलं. घरी आहात हे एका परीने बरंच झालं. झुंबर आहे, सूनबाई उषा आहे, नातवंडं आहेत. इथे तुमचे गुडघे शेकायला मी एकटा, आणि मी शेकायला बसलो की तुम्ही शिव्याच जास्त द्यायचात.

आता कामाचं. तारापूरच्या प्रकल्पाच्या वसाहतीत नवे दुमजली क्वार्टर उभे राहिलेत. त्यातल्या एका ओळीच्या रंगाचं काम ठेकेदाराने मला दिलंय. अट एवढीच, की शिडी ज्याची त्याने आणायची. आपली बांबूची शिडी माईंच्या पडवीत तुम्ही ठेवली होती तशीच उभी आहे. पण ती पडली भिंतीला टेकणारी, तिच्या पायाशी माणूस हवा. माझी साखरअक्का वारल्यावर तुम्ही मला इथे आणलंत, तेव्हापासून मी वर आणि तुम्ही खाली. मी वरून "दाजी?" म्हणायचं, तुम्ही खालून "हाय" म्हणायचं, मग मी पाय उचलायचा. बाकीचे रंगारी आपल्याला हसायचे. आता ते हसत नाहीत, कारण मी कुणाला हाक मारत नाही.

खरी अडचण जिन्याची आहे. जिन्यावरचं छत रंगवायचं तर शिडीचे दोन पाय वरच्या पायरीवर आणि दोन खालच्या पायरीवर हवेत. बाहेरच्या भिंतीला तीच शिडी लांब हवी, आणि खोलीत घोडीसारखी उघडून मधोमध उभी राहायला हवी. अशी एकच शिडी मिळते का, आणि मिळाली तर काय बघून घ्यायची, ते कळवा. शिडी खालून बघितलेला तुमच्याइतका माणूस मला दुसरा ठाऊक नाही.

माई विचारत होत्या, दाजींची खाट रिकामी आहे तर कारखान्यातला एखादा भाडेकरू ठेवू का. मी बघू म्हटलं.

तुमचा,
भगवंत

* * *

माळवाडी, ता. पाथर्डी,
ता. २६ ऑक्टोबर १९६८

चि. भगवंतास आशीर्वाद.

पत्र पोचलं. दिवाळी जोरात झाली. पोरांचा नुसता धुडगूस, अंगणात चालायला जागा नाही. सूनबाईने करंज्या केल्या होत्या. तुझी आठवण निघाली.

शिडीचं विचारलंस. इथे ओट्यावर बसून सांगायचं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकायच्या, पण विचारलंसच तर ऐक.

रंगवलेली शिडी कधी घेऊ नको. आपण रंगारी, आपल्याला कळायला पाहिजे रंगाखाली काय काय झाकता येतं ते. लाकूड उघडं असलं तर गाठ दिसते, चीर दिसते. कोरी घ्यायची आणि घरी आणून तिला जवसाचं तेल पाजायचं. पायऱ्या उभ्या दांड्यांत खाच करून बसवलेल्या असाव्यात, नुसत्या खिळ्यांवर ठोकलेल्या नकोत. खिळा वर्षभर धरतो आणि मग एके दिवशी धरत नाही. आणि पायरी चपटी हवी. गोल दांडीवर सकाळभर उभं राहून संध्याकाळी तळपाय कसे होतात ते तुला सांगायला नको.

उघडून उभी केलीस की वर चढायच्या आधी तिचा माथा धरून आडवी हलव. पुढेमागे हलली तर फार बिघडत नाही, ते साखळी सांभाळते. आडवी पिळवटली तर तिला तिथेच रामराम कर.

सगळं विचारलंस, पण पायाशी आता कोण उभं राहतं ते लिहिलं नाहीस.

मारुती

* * *

बोईसर,
ता. १२ नोव्हेंबर १९६८

ती. दाजी यांस नमस्कार.

तुमचं पत्र खिशात घालून शिड्या बघत हिंडलो. पहिल्यांदा मनोरच्या बाजाराला गेलो. तिथे नवसी म्हणून एक बाई बांबूचं सामान घेऊन बसते. तिची शिडी हलकी आहे, सरळ आहे, बांबूही पिकलेला. मी तिला म्हटलं, मला एकट्याला काम करायचंय. ती म्हणाली, "एकट्याला ही नाय कामाची, बाबा. ही तुला धरल, पन हिला धराया मानूस लागंल. घरात कोनी नाय का?" मी म्हटलं आहेत, गावाला आहेत. तिने मला पाणी दिलं. तसाच परत आलो.

मग बोईसरलाच एका भंगारवाल्याकडे एक नवलाची वस्तू बघितली. परदेशी साहेब लोक जाताना टाकून गेलेली, पांढऱ्या धातूची, चार ठिकाणी मुडपणारी. दुकानदार म्हणाला, "उस्ताद, इसको पकड़नेवाला आदमी नहीं लगता." त्याने ती लांब करून दाखवली, घोडी करून दाखवली, मुडपून बाकडं केलं. मी पाहतच राहिलो. पण वर चढलो तर एका बिजागरीतून कुरकुर ऐकू येते.

तिसरा पालघरचा सुतार. सागवानात हवी तशी करून देतो म्हणतो, पण काय हवं ते नीट सांगा म्हणतो. तेच मला सांगता येत नाही.

दाजी, मला एवढं पक्कं कळलंय की जिला धरायला माणूसच लागणार नाही अशी शिडी मला हवी. पायाशी तासन्‌तास कुणी उभं राहायचा प्रश्नच कायमचा मिटला पाहिजे. मग तिची किंमत काही का पडेना. सध्या बांबूच्या शिडीवर एकटाच भागवतोय. शिडीच्या पायांना गोणपाट बांधतो. माझी काळजी करू नका.

नातवंडांना पापा.

भगवंत

* * *

माळवाडी,
ता. २३ नोव्हेंबर १९६८

चि. भगवंतास आशीर्वाद.

तुझं म्हणणं समजलं.

भंगारवाल्याची घेऊ नको. दिसायला झकपक आहे, पण तिची बिजागरी बिघडली तर बोईसर-पालघरला तिचं दुखणं कुणाला कळणार? लाकडाचं दुखणं कुठल्याही सुताराला कळतं. पालघरच्या माणसाकडूनच करून घे. त्याला असं सांग. दोन सारख्या शिड्या कर. माथ्याला जाड लोखंडी बिजागरी, आणि तिची खीळ काढता येणारी. खीळ घातली की घोडी. खीळ काढली की दोन सुट्या शिड्या. त्याच दोन एकावर एक सरकवून लोखंडी पट्ट्यांत अडकवल्या की बाहेरच्या भिंतीला पुरणारी एक लांब. मागच्या दोन पायांना खालीवर होणारे जोडपाय लाव, म्हणजे जिन्यात एक बाजू आखूड करता येईल. तळाला रुंद, माथ्याला अरुंद. मध्ये दोरी नको, साखळी. दोरी सैल पडते.

एवढं केलंस की तुला कुणाची गरज पडणार नाही. ती आपल्या पायांवर उभी राहील.

माईंना म्हणावं, खाट कुणाला द्यायची असेल तर खुशाल द्या. माझी ट्रंक तेवढी कोपऱ्यात सरकवून ठेव. झुंबर कधी त्या बाजूला आला तर घेऊन येईल.

गोणपाटावर भरवसा ठेवू नको.

मारुती

* * *

बोईसर,
ता. १७ जानेवारी १९६९

ती. दाजी यांस,

तिळगूळ घ्या, गोड बोला. पत्राला फार उशीर झाला. कामाची गडबड होती असं लिहायला बसलो होतो, पण ते खरं नाही. तुम्ही ट्रंकेचं लिहिलंत ते वाचून पत्र उशाखाली ठेवलं आणि मग रोज उद्या उत्तर देऊ म्हणत राहिलो. तुमचं तिथे सगळं छान बसलंय, माणसांत आहात. मी मध्ये काय लिहायचं?

शिडी झाली. तुम्ही सांगितलं तशीच्या तशी. सुताराला तुमचं पत्र वाचून दाखवलं. तो म्हणाला, हे सांगणारा माणूस सुतार आहे का? मी म्हटलं, नाही, आमचे दाजी आहेत. पालघरहून गाडीच्या डब्यात चढवताना लोकांनी आरडाओरडा केला. बोईसरला उतरून खांद्यावर घेऊन आलो. माथा धरून आडवी हलवून बघितली. ढिम्म हलत नाही.

तुम्ही न सांगितलेली एकच गोष्ट मी करून घेतली. मागच्या अंगाला, तळापासून दुसरी पायरी चांगली हातभर रुंद करायला लावली. सुतार नको म्हणत होता.

जिन्यात ती झकास उभी राहते. पहिल्या दिवशी वर चढलो, छताला ब्रश लावला आणि पाय उचलताना तोंडातून आपोआप गेलं, "दाजी?" रिकामं घर, जिन्यात आवाज केवढा घुमला. मी तसाच एका पायावर थांबलो. शिडीला थांबायची काही गरज नव्हती, ती पक्की उभी होती. खाली बुधा म्हणून एक जण चुन्याला पाणी आणून देतो. त्याने बालदी ठेवली, वर बघितलं आणि म्हणाला, "हाय, बाबा. काय पायजे?" मी म्हटलं, काही नाही. आणि पुन्हा छताला ब्रश लावला.

खोलीत जागा नाही म्हणून रात्री शिडी घडी करून तुमच्या खाटेवर ठेवतो. माईंना सांगितलं, खाट भरलेली आहे.

भगवंत

* * *

माळवाडी,
ता. ३१ जानेवारी १९६९

चि. भगवंतास आशीर्वाद.

शिडी मनासारखी झाली हे वाचून समाधान वाटलं. पण ती रुंद पायरी काय म्हणून केलीस? सुतार नको म्हणत होता ते बरोबरच म्हणत होता. मागच्या अंगाने चढायचं नसतं हे तुला पहिल्या महिन्यात शिकवलंय. मग तिथे हातभर फळी कशाला? घडी करताना आड येणार, जिन्यात कठड्याला लागणार, वर रंगाचे थेंब आणि धूळ साचणार. चांगल्या शिडीला उगाच खोगीर चढवलंस. डबा ठेवायला केली असशील तर डब्याला आकडा असतो. पालघरला जाऊन ती कापून बाकीच्या पायऱ्यांसारखी करून आण.

मी असतो तर असला अडाणीपणा होऊ दिला नसता. पण मी नाही, तेव्हा माझं बोलणं तरी किती चालणार म्हणा.

बुधा भला माणूस दिसतो. त्याला धरून राहा.

इथे सगळं ठीक. गुडघे आहेत तसेच. उभं राहिलं की दुखतात, बसून असलो की काही नाही. दिवसभर बसूनच असतो. आता पत्र इथेच थांबवतो. लिहिण्याच्या नादात तव्यावरची भाकरी करपली, दुसरी टाकायला हवी.

मारुती

* * *

बोईसर,
ता. ११ फेब्रुवारी १९६९

ती. दाजी यांस नमस्कार.

तुमचं पत्र मी माईंना मोठ्याने वाचून दाखवलं. तुम्ही रागावलेले असलात की तुमचं पत्र वाचायला बरं वाटतं. शेवटच्या ओळीपर्यंत माई हसत होत्या. मग त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाल्या, "घरात सून असताना ह्यांची भाकरी का करपते?"

मग तुमची सगळी पत्रं काढून पुन्हा वाचली. दिवाळीनंतर एकाही पत्रात सूनबाईचं नाव नाही, झुंबरचा निरोप नाही, नातवंडांचा एक खोडसाळपणा नाही. तुम्ही इथे असताना त्या पोरांच्या गोष्टींनी माझे कान किटवायचात. दाजी, घरी कोण कोण आहे ते मला खरं कळवा.

आता त्या फळीचं. ती कापणार नाही.

मी तुम्हाला लिहिलं होतं, जिला धरायला माणूस लागणार नाही अशी शिडी मला हवी, पायाशी उभं राहायचा प्रश्न मिटला पाहिजे. कोण उभं राहायचा? डॉक्टरने तुम्हालाच ना मनाई केली? बांबूची शिडी धरायची तर सकाळपासून उभं राहायला लागतं. ह्या शिडीला नाही लागत. आणि मागच्या अंगाची ती पायरी तुमच्यासाठी आहे. तुम्ही तिच्यावर बसायचं. फळी रुंद आहे, कडा मी पॉलिश पेपरने घासून गोल केल्यात. मागून माणूस बसला की शिडीला वजन येतं, ती अजून घट्ट बसते, हे सुतारालाही पटलं. बसून ब्रश धुता येतील, रंग कालवता येईल, भिंतीच्या भेगा बुजवायची लांबी मळता येईल. काहीच केलं नाहीत तरी चालेल. मी हाक मारली की ओ द्यायची.

हे तेव्हाच सरळ लिहायला हवं होतं. पण तुमचं घर भरलेलं, नातवंडं मांडीवर. अशा माणसाला ह्या पत्र्याच्या खोलीत परत या म्हणायला माझी जीभ रेटेना. अक्काने तुम्हाला आणि मला एकमेकांच्या गळ्यात टाकलं आणि ती निघून गेली. तुम्ही माझे कोण लागता हे लोक विचारतात तेव्हा मी दाजी म्हणतो, पण खरं सांगू, दुसरं कुणी नाहीच मला. संध्याकाळी खोलीवर येतो तेव्हा तुमच्या खाटेवर शिडी असते. मी तिच्याशी बोलत नाही, एवढाच शहाणा राहिलोय.

येता का?

भगवंत

* * *

माळवाडी,
ता. २४ फेब्रुवारी १९६९

चि. भगवंता,

माईंना नमस्कार सांग. बाई हुशार आहे. मी उगाच तिला खाष्ट म्हणायचो.

घरी मी आहे आणि एक मांजर आहे. झुंबर बायकोपोरं घेऊन गणपतीनंतर साखर कारखान्यावर गेला, श्रीरामपूरकडे. मला चल म्हणाला. मनापासून म्हणाला, त्याला बोल लावू नको. पण कारखान्याने दिलेली एक खोली, त्यात ती पोरं. मी म्हटलं, मला गावच बरा. दिवाळीचा धुडगूस शेजारच्या पोरांचा होता आणि करंज्याही तिकडूनच आल्या होत्या. तुला खरं लिहिलं असतं तर तू काम टाकून पळत आला असतास. म्हणून नाही लिहिलं.

तुझं नोव्हेंबरचं पत्र मी उलटं वाचलं. धरायला माणूस नको, प्रश्न कायमचा मिटला पाहिजे. मला वाटलं, म्हातारा आता नको असं पोरगं आडून सांगतंय. मग म्हटलं, सांगतंय तर सांगू दे, निदान शिडी तरी चांगली घेऊ दे. म्हणून ते सगळं इतकं बयाजवार लिहून दिलं. लिहिताना तुझा राग आला होता आणि एकेक खीळ-बिजागरी मात्र मनात घट्ट करून लिहीत होतो, कारण वर तूच चढणार होतास.

एक गोष्ट सांगतो, हसू नको. दुपारी घरात बसलेलो असतो आणि मधूनच कुणीतरी "दाजी?" म्हणाल्यासारखं वाटतं. मी "हाय" म्हणतो. मग मांजर माझ्याकडे बघते. थंडीत तर हे रोज व्हायचं. आता तुझ्या पत्रावरून कळतंय की तूही तिकडे हाका मारत होतास.

फळीबद्दल जे लिहिलं ते मागे घेतो. पण बसायला गोणपाटाची घडी हवी, सागवान टोचतं. आणि लांबी मीच मळणार. तू मळलेली लांबी भिंतीवर राहत नाही.

घराची किल्ली शेजारी देतोय. मांजरही त्यांच्याकडेच. शिमग्याच्या आधी निघतो. नगरहून एसटीने मुंबई आणि तिथून गाडी. दिवस नक्की सांगत नाही, कारण सांगितला की तू काम बुडवून स्टेशनवर येऊन उभा राहशील. येऊ नको. ट्रंक तिथेच आहे, माझ्याजवळ एक पिशवी आहे, ती मला पेलते. वसाहतीचा रस्ता मला ठाऊक आहे. बुधाला विचारून जिना शोधीन.

खाट तेवढी रिकामी करून ठेव. शिडी बाहेर पडवीत राहील, तिला काही होत नाही.

मी येईन तेव्हा तू वर असशील. पावलं ऐकू आली तरी वळून बघू नको, शिडीवर वळून बघायचं नसतं. नेहमीसारखी हाक मार.

मारुती